रविवारचा चार वाजताचा वाद

सिस्टर,

तुम्ही मेलात त्याला आज नऊ दिवस झाले.

हे वाक्य लिहिताना हात दोनदा थांबला. आधी 'गेलात' लिहिलं, मग 'आम्हाला सोडून गेलात' लिहिलं, आणि तेवढ्यात तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला. चष्मा नाकावर खाली घेतलेला, ओठ मुडपलेले. "मास्तर, मी कुठे जातेय? मला काय बोर्लीची एसटी पकडायची आहे?" म्हणून खोडलं. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवली आणि सरळ क्रियापद वापरायला तुमच्याकडून शिकावं लागलं.

नाक्यावर तुमचा फ्लेक्स लागला आहे. सांगायला वाईट वाटतं, पण तुमच्यापासून काही लपवण्यात अर्थ नाही. फ्लेक्स नको, हारांचे ढीग नकोत, माइक नको, असं तुम्ही बजावलं होतंत, आणि मी ते कोळीवाड्यात जाऊन सांगितलंही होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नाक्यावर आठ फूट उंच उभ्या. खाली मच्छीमार सोसायटीच्या अकरा पदाधिकाऱ्यांचे फोटो, त्यांतले तिघे गॉगल लावून दुःखात बुडालेले. आणि वर तुमच्या नावाआधी 'कै.'

मी चेअरमन हरेशला गाठलं. तो अंगणात जाळं दुरुस्त करत होता. म्हटलं, "अरे, कै. म्हणजे कैलासवासी. कैलास म्हणजे शंकराचं घर. सिस्टर ख्रिश्चन होत्या."

"सगल्यांच्याच नावापुढं असतं ते, मास्तर," तो वर न बघता म्हणाला.

"सगळे हिंदू असतात म्हणून असतं."

त्यानं सुई थांबवली. "मी तिच्या हातावर झालो. माजे दोन भाव तिच्या हातावर झाले. अख्ख्या कोलीवाड्याची बालंतपणं केली त्या बाईनी. शंकर काय दारातनं परत पाठवील तिला?"

मी आल्या वाटेनं परतलो. तुमच्या चर्चच्या पाळकांनीही वाद घातला नाही. ते तुम्हाला न्यायला आले तेव्हा फ्लेक्ससमोर थांबले, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुढे गेले. तेव्हापासून मला ते गृहस्थ आवडू लागले आहेत.

पण हे पत्र फ्लेक्सबद्दल नाही. तुमच्याबद्दल माझी एक तक्रार आहे. आपला वाद तुम्ही अर्धवट टाकून मेलात.

आपल्या गावात तुमचं एकच ख्रिस्ती घर. सरकारी नर्स म्हणून आलात, रिटायर झालात तरी गेला नाहीत. तुमचं चर्च खाडीपलीकडे. महिन्यातून एकदा दिघीहून जंगलजेट्टीनं, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या त्या बोटीनं, आगरदांड्याला उतरून जायचात. बाकीचे रविवार घरातच एकटीनं प्रार्थना आणि एकटीनं गाणी. ती गाणी माझ्या वाडीपर्यंत ऐकू येत. तुमचा देव दयाळू आहे यावर माझा विश्वास बसला तो तेवढ्यापुरताच. सुरांची जाण असलेल्या देवानं ते इतकी वर्षं ऐकून घेतलं नसतं.

वादळात वाडी आडवी झाली तेव्हा गाव माझ्या ओटीवर जमलं होतं. होईल सगळं ठीक, मास्तर. देव सगळं बघतो, मास्तर. तुम्ही मात्र चिखलातून वाडीभर फिरून आलात आणि म्हणालात, "ह्या पोफळी मेल्या. आता नवीन लावायला घ्या." त्या दिवशी तेवढं एकच वाक्य मला उभं करणारं होतं. तसं तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. आभार मानले की तुम्ही प्रार्थनेला बसता, अशी मला भीती होती.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी बायको वसुधा मेली. तिच्या बाबतीत हा शब्द आज पहिल्यांदा लिहितो आहे.

तिच्या मागोमागच्या रविवारी दुपारी चार वाजता तुम्ही वाडीच्या फाटकाचं बेडं सरकवून आत आलात. हातात शेंगदाण्यांचा डबा. मी चहा केला. तुम्ही एक घोट घेतलात, "हा चहा आहे की काढा?" असं विचारलंत आणि देवाचा विषय काढलात. मला वाटलं, आला धर्मप्रसार. विधुर, पेन्शनर, देवळात न जाणारा. असं गिऱ्हाईक कोण सोडेल? त्यानंतर चार वर्षांत तुम्ही एकही रविवार चुकवला नाहीत, आणि मीही दर रविवारी सकाळपासून मुद्दे काढून तयारीत बसत असे.

आपला मुख्य वाद लाजरचा. तुमच्या शास्त्रातली गोष्ट. येशूचा मित्र लाजर मरतो. त्याच्या दोन बहिणी, त्यांतली एक तुमच्याच नावाची, मार्था. येशू पोचतो तेव्हा लाजरला पुरून चार दिवस झालेले असतात. येशू थडग्याकडे जायला निघतो आणि रडतो. मग लाजरला हाक मारून जिवंत बाहेर बोलावतो. माझा प्रश्न सोपा होता. पाच मिनिटांत उठवणारच होता, तर आधी रडला कशाला? एक तर त्याला ठाऊक नव्हतं, नाहीतर ते रडणं दाखवण्यापुरतं.

पहिल्या वर्षी तुम्ही म्हणालात, "माणूस होता म्हणून." मी म्हटलं, ही पळवाट आहे. दुसऱ्या वर्षी म्हणालात, "बाकीचे रडत होते म्हणून." मी म्हटलं, असं तर नाटकातही होतं. तिसऱ्या वर्षी चिडलात. "वर्गात मुलांना असंच छळायचात का? त्या गोष्टीत माझ्या नावाची बाई त्याच्या तोंडावर म्हणते की तू वेळेवर असतास तर माझा भाऊ मेला नसता. देवाच्या मुलाला असं बोलते आणि तिला कुणी गप्प करत नाही. मला तेवढं पुरतं. तुमचं रडण्याचं तुम्ही बघा."

तुम्हाला मरणाचं भय नव्हतं असं आता लोक सांगत फिरतात. ते खोटं आहे. मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "वाटतं की. टेबलावरच्या बाळंतिणीला वाटतं तसं. पलीकडे मूल आहे हे ठाऊक असूनसुद्धा वाटतं." आणि एकदा म्हणालात, "आम्ही चर्चमध्ये उभे राहून मोठ्यानं म्हणतो की येशू मेला आणि त्याला पुरलं. झोपला म्हणत नाही, विलीन झाला म्हणत नाही. एवढं तोंडानं म्हटल्याशिवाय पुढचं म्हणताच येत नाही." तुमचं पुढचं मला कधी पटलं नाही. एवढं म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही हे मात्र पटलं, पण उशिरा पटलं. ते लवकर पटलं असतं तर वसुधाच्या आजारात मी तुम्हाला तसं बोललो नसतो.

मुंबईच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. घरी येऊन मी सगळ्यांना ताकीद दिली, तिला कळता कामा नये. आमच्या घरात मरणाचा विषय निघाला की कुणीतरी 'शुभ बोल' म्हणतं आणि विषय संपतो. तीन महिने अख्ख्या घरानं नाटक केलं. मेहुण्यानं काशीयात्रेचा बेत आखला. त्याच्या बायकोनं त्या यात्रेसाठी साड्या निवडल्या. मी वसुधाच्या उशाशी बसून रेल्वेचं वेळापत्रक मोठ्यानं वाचलं. कोणती गाडी कुठे किती मिनिटं थांबते, सगळं.

तुम्ही रोज सकाळी इंजेक्शन द्यायला यायचात. एक दिवस पडवीतल्या नळावर हात धुताना म्हणालात, "मास्तर, तिला सांगा."

"आमच्यात असं बोलत नाहीत."

"आमच्यातही नाही बोलत. आमच्यात गाणी म्हणतात. तीसुद्धा पुष्कळदा बोलावं लागू नये म्हणूनच."

"तिचा धीर सुटेल."

"तिचा की तुमचा?"

मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही इंजेक्शन द्यायला येता. तेवढंच द्या."

तुम्ही हात पुसलेत आणि निघालात. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला पुन्हा दारात. त्या वाक्याची माफी मी कधी मागितली नाही. आज मागतो. तुम्हाला ऐकू येतं की नाही हा वाद बाजूला ठेवून मागतो.

पुढे एका रविवारी तुम्ही माझ्याकडून शब्द घेतलात. "माझी वेळ आली आणि मला कुणी सांगत नसेल, तर तुम्ही सांगायचं."

"मीच का? मुलगा आहे, पाळक आहेत."

"आशीषला जमणार नाही. पाळक प्रार्थना करतील. तुम्ही मास्तर आहात. पोराला तोंडावर नापास म्हणायची तुम्हाला सवय आहे."

मी हसून हो म्हटलं. धडधाकट बाईला असला शब्द द्यायला काय जातं?

यंदा पाऊस उघडल्यावर आशीष तुम्हाला तपासण्यांसाठी पुण्याला घेऊन गेला. परत आणून सोडलं तेव्हा त्यानं मला बेड्यापाशी गाठलं. "मास्तरकाका, आईपाशी काही बोलू नका. पित्ताशयात खडा आहे असं सांगितलंय तिला."

"आणि खरं?"

त्यानं खरं सांगितलं. दोन महिने, फार तर.

"अरे, ती नर्स होती."

"म्हणून तर. तिची श्रद्धा मोठी आहे, काका. माझीही आहे. पण मला ते तोंडातून काढता येत नाहीये."

तुमच्या मांडीवर तुमची गाणी शिकलेला मुलगा. पुनरुत्थान त्याला पाढ्यांसारखं पाठ. आणि तो माझ्यासमोर अगदी माझ्यासारखा उभा होता. हातात रेल्वेचं वेळापत्रक तेवढं नव्हतं.

मी तुमच्याकडे आलो. पहिल्या खेपेला सुपारीच्या पिकाबद्दल बोललो. दुसऱ्या खेपेला विहिरीवरच्या पंपाबद्दल. तिसऱ्या खेपेला पेपर वाचून दाखवला, अगदी हवामानासकट. तुम्ही खिडकीशी खाटेवर टेकून ऐकत होतात आणि गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तशा माझ्याकडे बघत होतात. चौथ्या खेपेला रविवार होता, चार वाजले होते. मी खुर्चीत बसलोही नाही.

"सिस्टर, खडा नाही. कॅन्सर आहे. तुम्ही मरणार आहात. दोन महिने म्हणालेत."

तुम्ही डोळे मिटलेत. मला खुर्ची शोधावी लागली. मग डोळे न उघडता म्हणालात, "चौथी खेप. मी तीन धरल्या होत्या."

"म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला?"

"आरसा आहे घरात. डोळे पिवळे झालेले मला कळत नाहीत होय?"

"मग मला कशाला लावलंत सांगायला?"

"मला एकटीला ठाऊक होतं. आशीषला एकट्याला ठाऊक होतं. तुम्हाला एकट्याला. तीन माणसं आणि तिघांच्या दाराला आतून कडी. आता निदान दोघं एका खोलीत आलो." मग थोडा दम खाऊन म्हणालात, "मरायच्या आदल्या रात्री येशूनं मित्रांकडे काय मागितलं? मला वाचवा म्हणाला नाही. माझ्याजवळ जागे राहा म्हणाला. तेवढंही जमलं नाही त्यांना. झोपले."

"मग मी शिष्यांपेक्षा बरा म्हणायचा."

"ते तीन वेळा झोपले होते. तुम्हीही तीन वेळा झोपलात. बरोबरी आहे."

एका खोलीत आलोच होतो, म्हणून मी चार वर्षं घशात अडकलेला प्रश्न विचारला. "वसुधाला तुम्ही सांगितलं होतंत का?"

"नाही."

मला बरं वाटलं की वाईट, ते कळायच्या आत तुम्ही पुढे म्हणालात, "तिनं मला सांगितलं."

"कधी?"

"तुम्ही वेळापत्रक वाचत होतात त्याच आठवड्यात. म्हणाली, सिस्टर, मी काही आता काशी बघत नाही. पण ह्यांना वाचू द्या. वाचलं की ह्यांना बरं वाटतं."

बाहेर कुणाच्या तरी वाडीत नारळ पडल्याचा आवाज झाला.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"तिनं शब्द घेतला होता. पेशंटचं पेशंटपाशी."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, माझ्यामागे ह्यांना रविवार खायला उठेल. देवळात जायचे नाहीत, पत्ते खेळायचे नाहीत. ह्यांना वाद घालायला माणूस लागतं. चारच्या सुमारास जात जा. तुम्ही तुमचा देव काढा, ते लगेच ताठ बसतील."

चार वर्षं, सिस्टर. चार वर्षं मी एका मिशनरी हल्ल्याला खंबीरपणे तोंड देतो आहे असं समजत होतो. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. आणि ती माझ्या बायकोनं मरताना लावून दिलेली ड्यूटी होती.

"म्हणजे लाजरसुद्धा तिनंच सुचवला?"

"छे. तो मीच काढला. पहिल्या रविवारी दुसरं काही सुचेना. मग तुम्ही सोडीचनात."

मी तुमच्या घरात बसून पोट धरून हसलो, आणि मग बराच वेळ हसलो नाही. तुम्ही मला रुमाल दिलात. 'शुभ बोला' म्हणाला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आशीषला फोन लावलात. "खडा मोठा आहे रे, बाळा. मी मरणार आहे. ये." तो रजा घेऊन आला. पुढचे सहा आठवडे तुमच्या घरातून जेवढं हसू ऐकू आलं तेवढं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. कुठली साडी नेसवायची यावरून तुम्ही त्याच्याशी भांडलात. पाळकांना प्रार्थना आटोपती घ्यायला सांगा म्हणून मला गळ घातलीत. दोघं मिळून गाणी म्हणत होतात. बेसूरपणा घराण्यात आहे हे तेव्हा कळलं.

शेवटच्या गुरुवारी म्हणालात, "मास्तर, लाजरचं उत्तर सापडलंय मला. आता दम लागतो. रविवारी सांगते."

आणि शुक्रवारी सकाळी आशीष तुमचे केस विंचरत असताना तुम्ही मेलात. हीच माझी तक्रार.

गावात तुमची दफनभूमी नाही, म्हणून शनिवारी खाडी ओलांडून न्यायचं ठरलं. जंगलजेट्टीवर तुमची अँब्युलन्स एका बाजूला पर्यटकांच्या गाड्या आणि दुसऱ्या बाजूला बर्फाचा टेम्पो, अशी मधे उभी राहिली. कठड्याशी फोटो काढणाऱ्या एका कुटुंबाला पेटी दिसली. आईनं मुलांना ओढून पलीकडच्या कठड्याशी नेलं आणि त्यांची तोंडं समुद्राकडे वळवली. तुम्ही असतात तर मुलांना हाक मारून पेटी दाखवली असतीत. हरेश आणि कोळीवाड्यातली सात-आठ माणसं टोप्या हातात घेऊन पेटीभोवती उभी होती. गॉगल कुणी घातला नव्हता.

पाळकांनी प्रार्थना खरोखरच आटोपती घेतली. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. "चांगलं बोललात तर उठून बसेन," असं तुम्ही धमकावलं होतंत, आणि उठणार हे तर तुमचं मतच आहे, असं मी तेव्हा म्हटलं होतं. म्हणून जपून बोललो. "सिस्टर मार्था मेल्या. त्यांना ते ठाऊक होतं, त्यांच्या मुलाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. आम्ही तिघंही त्याबद्दल बोललो. एवढंच." शाळेचे निरोप समारंभ धरून मी केलेलं हे सर्वांत छोटं भाषण. सर्वांत खरंही.

आशीषनं माती लोटली. उठण्याच्या आशेचं ते तुमचं गाणं तो सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होता, आणि रडत होता.

परतीच्या बोटीवर तो कठड्याशी उभा होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि जित्याच्या खोडीनं विचारून बसलो, "आशीष, आई उठणार यावर तुझा विश्वास आहे?"

"आहे, काका."

"नक्की?"

"नक्की."

"मग रडतोस कशाला?"

तोंडातून निघाल्यावर लाज वाटली. पण त्यानं रागावून बघितलं नाही. नाक पुसलं आणि म्हणाला, "उठेल तेव्हा उठेल, काका. पण उद्या रविवार आहे."

दिघी येईपर्यंत मी ते वाक्य घोळवत राहिलो. लाजर उठला हे क्षणभर तुमच्याखातर धरून चाललो, तरी ते चार दिवस त्या दोघी बहिणींना कुणी परत दिले? ते गेलेच. रडण्यासारखं त्यात पुष्कळ होतं, ज्याला पुढचं ठाऊक होतं त्यालासुद्धा. हेच तुमचं उत्तर होतं का, ते मला कळायला मार्ग नाही. असेल तर मुलाला ते आयतं मिळालं. नसेल तर तो तुमच्याहून हुशार निघाला. दोन्हीपैकी काहीही झालं तरी त्या प्रश्नात मी हरलो आहे, आणि ही कबुली तुम्हाला समोर बसून द्यायची राहिली.

मागच्या रविवारी आशीष माझ्या ओटीवर आला, माझा चहा निमूटपणे प्यायला आणि मी म्हणेन त्याला हो म्हणत बसला. फार कंटाळा आला. सोमवारी तो पुण्याला गेला.

आज पुन्हा रविवार. चार वाजता फोन वाजला.

"मास्तरकाका, आत्मा नसतो असं तुम्ही कशावरून म्हणता?"

हे त्याचं बोलणं नव्हे. असल्या विषयात तो स्वतःहून पडणारा नाही. मागच्या वेळी असा प्रश्न विचारायला मी चार वर्षं घालवली होती. ह्या वेळी तिथल्या तिथे विचारला. "आईनं सांगितलंय का तुला?"

पलीकडे तो खाकरला. मग म्हणाला, "हो, काका."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, रविवारी चार वाजता फोन करत जा. आणि लगेच हरू नकोस."

मी खुर्ची ओढून घेतली, ताठ बसलो आणि म्हटलं, "हं. बोल."